तिसऱ्या मितीतले कण

फुकुओकाच्या विद्यापीठात नुकुई तामाकी कंत्राटी संशोधक होती. तारा फुटला की धक्क्याची लाट अवकाशात पसरते. त्या लाटेवर कण इतके वेगवान कसे होतात, हे ती संगणकात गणितानं घडवून पाहत असे. तिच्या प्राध्यापकांचं, हिमेनो सेन्सेईंचं नाव एकाच निष्कर्षामुळे झालं होतं: चुंबकीय क्षेत्र लाटेच्या पृष्ठभागाला समांतर असेल, तर कण मागे वाहून जातात, परत येत नाहीत. लाट पुन्हा पुन्हा ओलांडल्याशिवाय वेग कसला वाढणार?

सेन्सेईंचं गणित सपाट होतं, दोन मितींचं. तामाकीनं तेच तीन मितींत लावलं. काही कण क्षेत्राच्या रेषांमधून निसटले, लाटेपुढे आले आणि प्रत्येक फेरीला वेग घेत राहिले.

"गणितात अवकाशाची पेटी लहान घेतलीस," सेन्सेई म्हणाले. "कडेवर आपटून परत येत असतील."

तिनं पेटी मोठी केली. महासंगणकावर पाळी मिळायलाच उन्हाळा सरला. कण तरीही परत आले.

सेन्सेईंनी आलेख बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "छापून टाक. माझं नाव मात्र काढ."

"चुकलंय का काही, सेन्सेई?"

"बरोबर आहे म्हणून तर सांगतोय. नाव राहिलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं आपली चूक आपणच सुधारली. मी तर तुला अडवत होतो."

तिला हायसं वाटलं, आणि एकटंही. त्यांच्या नावाशिवाय निबंध बराच काळ एका नियतकालिकाकडून दुसऱ्याकडे फिरला. तोवर कंत्राट संपलं. ती मियाझाकीच्या तंत्रविद्यालयात शिकवू लागली. तिथली मुलं लेथवर हुशार होती, ताऱ्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तिला ती आवडली.

निबंध अखेर छापून आला, आणि एका परिषदेत तिला बोलायला बोलावलं. निवृत्त हिमेनो सेन्सेई मागच्या रांगेत बसले होते. भाषण संपताच त्यांनी हात वर केला.

"हे सगळे जड कण झाले. इलेक्ट्रॉन कुठायत?"

"ते अजून सुटे मोजता येत नाहीत, सेन्सेई. सगळे मिळून नुसता एक प्रवाह धरलाय."

"म्हणजे अर्धंच झालं."

"हो. अर्धंच."

सभागृहात कोणीतरी हसलं. सेन्सेई हसले नाहीत. मान डोलावून खाली बसले. चहाच्या वेळी मात्र खुर्ची ओढून तिच्या शेजारी आले आणि कागदी रुमालावर लाट काढायला लागले. "चल, इलेक्ट्रॉनचं बघू," म्हणाले. पुढचं सत्र सुरू झालं तरी दोघं तिथंच होती.