तालात घाबरलेली नीलाताई

नीलाताई रोज सकाळी अंघोळीला जाण्याआधी मला फोन करायची. "जातेय गं," एवढंच म्हणायची. बाहेर आली की पुन्हा फोन, "आले." एकट्या राहणाऱ्या बाईचा बाथरूममध्ये पाय घसरला तर कुणाला कळणार, ही तिची भीती. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये तिची बिल्डिंग आणि आमची बिल्डिंग यांच्यात फक्त एक पार्किंग. तिच्या घराची दुसरी किल्ली आमच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेली असे. त्या रविवारी "जातेय गं" आलं. "आले" आलं नाही. मी पोळ्या करत होते. एक पोळी झाली, दुसरी झाली... फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. गॅस बंद केला, पिठाच्या हातानेच किल्ली ओढली आणि धावले. दार उघडून आत गेले, तर बाथरूम रिकामं. ती बाथरूमपर्यंत गेलीच नव्हती. पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या मागे कलंडली होती, खांद्यावर टॉवेल तसाच. अँब्युलन्स लवकर आली, पण हृदय त्याआधीच थांबलं होतं. जबल अलीच्या स्मशानात मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, आपल्या थोरल्या बहिणीला निरोप दिला. त्याला आता काही आठवडे झाले. सकाळी फोन वाजला की अजून माझी नजर त्या खिळ्याकडे जाते, आणि नाही वाजला तर जास्तच जाते.

नीलाताई जात्याच भित्री. नणंदेची निंदा म्हणून हे लिहीत नाही, ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. लिफ्ट, पाल, विमान, अनोळखी नंबर, डॉक्टरांनी रिपोर्ट वाचताना घेतलेला श्वास... सगळ्याची भीती. तरी चाळिशीत पुणं सोडून ती एकटी इकडे आली, शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत परचेसचं काम बघू लागली. लग्न करून मी इथे आले तेव्हा तिला विचारलं होतं, "ताई, एवढी घाबरतेस, मग इथे कशी आलीस गं?" ती म्हणाली, "घटस्फोटानंतर रोज कुणी ना कुणी समजवायला यायचं. दाराची बेल वाजली की मी स्वयंपाकघरात जाऊन लपायचे. त्या बेलपुढे विमान काहीच नव्हतं बघ."

पुण्याहून येताना तिने कपड्यांच्या घड्यांमध्ये एक रेकॉर्ड जपून आणली होती. ऐंशीच्या दशकातल्या एका इंग्लिश न्यू वेव्ह बँडचा अल्बम. कॉलेजात असताना हॉस्टेलमधली एक परदेशी मुलगी घरी परत जाताना तो हिला देऊन गेली होती. कव्हरवर ओल्या रस्त्यावर उभी असलेली चार किडकिडीत पोरं, लांब कोट घातलेली, एकही कॅमेऱ्याकडे बघत नाही. मला पुढे हमरियातच नोकरी लागली आणि मी रोज तिच्या गाडीतून जाऊ लागले, तेव्हा हाच अल्बम फोनवरून गाडीत वाजायचा. थंडगार सिंथेसायझर, यंत्रासारखे ड्रम्स, आणि रिकाम्या कारखान्यात कुणीतरी कोंडून घातल्यासारखा त्या गायकाचा आवाज. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "ताई, हे बंद कर ना. हा माणूस घाबरलेला वाटतोय." तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं. बाजूने ट्रेलर गेला की तिचे खांदे कानांपर्यंत चढायचे. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "घाबरलाच आहे तो. पण ऐक तरी, तालात घाबरलाय!"

तेव्हा मी हसले होते. त्याचा अर्थ मला कळला तो एका जानेवारीत, धुक्याच्या सकाळी. इथलं हिवाळ्यातलं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. वाळवंटातून एखादी भिंत चालत यावी तसं ते हायवेवर येतं. शारजा शहर मागे पडलं आणि पुढची गाडी दिसेनाशी झाली. मग आमचं बॉनेटही अर्धंच दिसू लागलं. ताईने वेग कमी केला, गाडी अगदी कडेला घेतली, आणि तेवढ्यात पुढे कुठेतरी पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. ब्रेकचा आवाज नाही, नुसत्या धडका. "मेधा, उतर. यल्ला, लवकर उतर!" ती ओरडली. गार्डरेल ओलांडून आम्ही वाळूत पळालो. मागे वळून पाहिलं तर गाडी दिसतच नव्हती, आणि तेवढ्यात तिच्यावर काहीतरी येऊन आदळल्याचं नुसतं ऐकू आलं.

त्याहून भयंकर होती ती माणसं. गाड्यांतून उतरलेले लोक रस्त्यावरच चालत असल्याचं आवाजांवरून कळत होतं. कुणी कुणाला हाका मारत होतं, एक मूल रडत होतं, आणि कुठल्या बाजूला जायचं ते कुणालाच कळत नव्हतं. "इधर आओ! रोड पे मत रुको!" ताई ओरडू पाहत होती, पण आवाज फाटून जात होता. तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मग ती एकदम गायला लागली. त्या अल्बममधलं पहिलं गाणं, ज्याच्या ओळी लांबच लांब खेचलेल्या आहेत. आवाज बेसूर, थरथरता, पण एकदा ताल सापडल्यावर तो तुटेना. आणि त्या आवाजाच्या रोखाने धुक्यातून माणसं येऊ लागली. एका पायात चप्पल नसलेली फिलिपिनो बाई आली. शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुलीला कडेवर घेतलेला बाप आला. एक दाढीवाला पठाण ट्रकचालक आला, त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. दम लागून ताई थांबली तसा तो थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हणाला, "बाजी, गाना बंद मत करो. और लोग हैं उधर." ती पुन्हा गाऊ लागली. मला त्या गाण्याचे शब्द येत नव्हते, तरी मीही तिच्याबरोबर नुसता आवाज काढत राहिले. मागे धडका चालूच होत्या. प्रत्येक धडकेला तिचं अंग हादरायचं, आणि गाणं पुढे जायचं.

पोलीस आले, निळे दिवे दिसले, तेव्हा ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मेधा, माझी सलवार ओली झालीय गं. केव्हाची." मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली. पुढे घरी कुणी तिच्या धाडसाचं कौतुक करू लागलं की ती चिडायची. "कसलं धाडस? मी भीतीने मरत होते," म्हणायची. ते खरंच होतं. त्यानंतर कितीतरी दिवस नव्या गाडीत बसताना तिच्या हातातली किल्ली भोकात जायची नाही. मी शेजारी बसून थांबायचे. मग एकदाची किल्ली जायची, आणि आम्ही निघायचो.

परवा तिचं घर रिकामं करायला सईला, माझ्या मुलीला, बरोबर घेऊन गेले. मिलिंदला त्या खोलीत पाय ठेववेना. मलाही ठेववत नव्हता. एसी चालूच राहिला होता, घर नुसतं बर्फासारखं झालं होतं, आणि पलंगाकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी तिकडेच बघत होते. सईने न विचारता रेकॉर्ड प्लेअर लावला. दुसरी बाजू वर होती. आम्ही पुस्तकं खोक्यात भरत ऐकत राहिलो. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत सई म्हणाली, "आई, आत्याने मला हे कधीच ऐकू दिलं नाही. शी ऑलवेज स्टॉप्ड इट हिअर."

"का?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, ते संपल्यावर पुढे काहीच वाजत नाही ना."

दोन गाण्यांमधली खरखर सुरू झाली. तेवढ्या वेळात घर एकाएकी फार मोठं, फार गार वाटलं. माझा हात आपसूक पुढे गेला आणि मी सुई उचलली.

"आई! इट्स जस्ट अ साँग."

"माहितेय मला."

"यू आर स्कॅर्ड?"

"हो गं. खूप."

सईने तबकडी दोन्ही तळव्यांत अलगद धरली, उलटली, आणि धुक्यातल्या त्या गाण्याची, पहिली बाजू लावली.