अडलेला ज

जुन्या जालन्याच्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला 'ज' म्हणता येत नव्हता. एकट्यात यायचा. शब्दाच्या मध्ये साधा आला तर निसटूनही जायचा. पण सुरुवातीला किंवा जोडाक्षरात आला आणि समोर माणूस असलं की जीभ अडायची, मान डावीकडे ओढली जायची आणि तोंडातून नुसतं ज्-ज्-ज् निघत राहायचं. 'म' आणि 'प' हेही त्रास द्यायचे, पण इतका नाही. शाळेत शिकवणं उर्दूतून होतं, बाहेर बोलणं मराठीतून. अडखळणं दोन्हीकडे सारखंच.

यातून मी एक युक्ती काढली होती. अडणारा शब्द येतोय असं दिसलं की आधीच दुसरा शोधायचा. 'जेवलो' ऐवजी 'खाल्लं', 'जातो' ऐवजी 'निघतो'. परभणीला सोयऱ्यांकडे गेलो की परतीचं तिकीट काढताना 'जालना' तोंडातून निघायचं नाही, म्हणून मी त्याच्या पुढच्या स्टेशनाचं, बदनापूरचं तिकीट घ्यायचो आणि जालन्याला उतरायचो. खाणावळीत 'ज्वारीची भाकर' म्हणता यायचं नाही म्हणून 'बाजरीची' म्हणायचो. दीड वर्ष, भर उन्हाळ्यातसुद्धा, मी बाजरी खाल्ली. मला बाजरी आवडत नाही.

आमचं घर तीर्थपुरीकडचं, शेतीवाडीचं. घरातला शिकलेला मी एकटाच. नोकरी लागली म्हणून वडिलांनी गावात गूळ वाटला होता, त्यामुळे परत जाण्याचा प्रश्न नव्हता. शाळेतली मुलं मला पाठीमागे 'इंजिन' म्हणत. गाडी सुटताना इंजिन जसा आवाज करतं तसा मी करायचो, त्यात त्यांचं चूक नव्हतं.

माझ्याकडे एक वही होती. पुण्याहून येणाऱ्या मासिकांत थोर माणसांची वचनं छापलेली असत: विचारवंतांची, चित्रकारांची, दूरदेशीच्या शास्त्रज्ञांची. धीर कसा धरावा, मन कसं घडवावं, अपयशातून कसं उठावं. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचो. रोज सकाळी वाचायचो, मनातल्या मनात. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता एक नाटक कंपनी जालन्यात आली आणि इथेच मोडली. बोलपट सुरू झाले होते. कंपनीतली तरणी माणसं एकेक करून मुंबई-कोल्हापूरकडे गेली, उरलेली नांदेडच्या गाडीत बसली. मागे राहिले ते कंपनीचे मुख्य नट. त्यांना हिवतापानं धरलं होतं. मी ज्या माडीवर राहत होतो तिच्याच दुसऱ्या खोलीत त्यांना आणून ठेवलं. खाली धान्याची पेढी होती, घरमालक पेढीवालेच.

हे नट साधे नव्हते. पंचवीस वर्षं त्यांनी बायकांच्या भूमिका केल्या होत्या. गाणारे नव्हते, गद्य नाटकांतले होते. त्यांचं रडणं बघायला लोक यायचे. माझे वडील आणि चुलते एकदा तीर्थपुरीहून बैलगाडी जुंपून त्यांचं नाटक बघायला गेल्ते आणि परत आल्यावर दोन दिवस आमचे चुलते कुणाशी धड बोलले नाहीत, असं घरात सांगत. आता ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पोट सुटलेलं, गालावर तापाचा काळेपणा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाढवलेल्या मिश्या.

पहिली भेट पाण्याच्या रांजणाशी झाली. त्यांनी माझं नाव विचारलं. माझं नाव 'म'वरून सुरू होतं. मी अडलो. अशा वेळी माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर दुसरीकडे बघतात, नाही तर शब्द पुरा करून देतात. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. तांब्या हातात धरून माझ्याकडे बघत उभे राहिले, जणू पाणी भरायला लागतो तेवढाच वेळ याला लागणार. नाव बाहेर आलं. मग ते म्हणाले, "बरं. मी शेजारी आलोय. तापात रात्री बडबडतो, ऐकू आलं तर मनावर घेऊ नका."

मी त्यांना काका म्हणू लागलो. ते मला मास्तर म्हणत.

ताप उतरल्यावर ते रोज दुपारी गच्चीच्या कठड्याशी बसत. खाली हमाल गाडीवरून पोती उतरवायचे. काका तासन् तास त्यांच्या पायांकडे बघायचे आणि मग उठून गच्चीवर चालायचे. पाऊल टाकायचं, थांबायचं, परत मागे यायचं. एकदा मी विचारलं की हे काय चाललंय.

"पुरुषासारखं चालायला शिकतोय," ते म्हणाले. त्यात विनोद नव्हता. "पंचवीस वर्षं खांदे मिटून चाललो. आता उघडत नाहीत. आता मला बाईचं काम कोण देणार? त्या खालच्या म्हाताऱ्या हमालाकडे बघा. ओझं नसतानाही तो टाच आधी टेकवतो. कामाची सवय अंगात राहते. मला ती टाच पाहिजे."

एका सकाळी त्यांनी माझी वही पाहिली. पानं चाळली, मग एका वचनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मोठ्यानं वाचा."

मी सुरुवात केली. तिसऱ्याच शब्दाला अडलो. 'जिद्द' होता तो.

"वही चांगली आहे," ते म्हणाले. "पण मास्तर, हे सगळं काम झाल्यावरचं बोलणं आहे. काम चालू असताना ही माणसं काय करत होती, कुठल्या दिवशी काय बिघडलं, मग दुसऱ्या दिवशी कशाला हात घातला, ते यात कुठे आहे?"

मी म्हणालो की ते कुणी छापत नाही.

"छापणार नाहीतच. बघायला भारी कंटाळवाणं असतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बोलताना मध्येच वळण घेता ते का?"

ते आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी त्यांना शब्द बदलण्याची युक्ती सांगितली. बाजरीचंही सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. वही मिटून ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही रोज दुसऱ्याच माणसाची वाक्यं बोलता. मी निदान त्याचा पगार घेत होतो. उद्या ज्वारी मागा."

"नाही आली तर?"

"वेळ लागेल. लागू द्या. पाय जमिनीवर ठेवा, श्वास सोडा आणि त्याच शब्दाशी उभे राहा. दुसरा शब्द आणायचा नाही. एवढंच."

दुसऱ्या दिवशी खाणावळीत मी पंगतीत बसलो. वाढणारी मावशी नेहमीप्रमाणे बाजरीची भाकर घेऊन आली. मी हात आडवा धरला आणि 'ज'वर अडलो. शेजारी एक पटवारी आणि दोन कापडवाले जेवत होते, त्यांचे घास थांबले. मान ओढली गेली. मावशी भाकर धरून उभी. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण ताटातल्या वरणावर साय धरल्यासारखं दिसू लागलं होतं. मग शब्द आला.

"ज्वारीची पाह्यजे व्हय?" मावशी म्हणाली. "मंग इतके दिस कामून न्हाई बोल्लात? म्या समजले, तुम्हाला बाजरीच लागती. तुमच्यासाठी येगळी थापून राह्यले ना मी!"

आणि तिनं दोन भाकरी वाढल्या. पटवारी परत जेवायला लागला. याहून जास्त काही झालं नाही. काही होत नाही, हेच मला माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आधी गावातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वाचनालयाच्या मंडळींनी काकांना गळ घातली की एक प्रयोग करा. गावातले हौशी नट घ्यायचे ठरलं. इजाजत मिळवायला पंधरा दिवस गेले. नाटकाचं पुस्तक कचेरीत दाखवावं लागलं आणि दिवेलागणीच्या आत खेळ संपवण्याच्या अटीवर परवानगी आली. म्हणून नाटक दुपारी तीनला, नवीन जालन्यातल्या एका सरकी कारखान्याच्या आवारात झालं. मला पडदा ओढायचं काम दिलं होतं.

लोक खेड्यापाड्यांतून आल्ते. सगळे आल्ते ते नायिका बघायला. नायिकेच्या कामाला पेढीवरचा एक तरुण कारकून होता. काकांनी म्हाताऱ्या द्वारपालाची भूमिका घेतली होती. सगळी मिळून तीन वाक्यं. हे कुणाला आधी सांगितलेलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कुणी आलं नसतं, असं वाचनालयाच्या मंडळींचं मत पडलं.

दुसऱ्या अंकात काका भाला घेऊन आले. आधी ओळखच पटली नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हेच की ते!" आणि हशा उसळला. "लुगडं नेसा!" "रडून दाखवा!" शिट्ट्या सुरू झाल्या. कारकून घाबरून पडद्याकडे, माझ्याकडे बघायला लागला. मी दोरी हातात घेतली. काकांनी माझ्याकडे न बघता भाल्याची मूठ एवढीशी वर केली. ओढू नका, असा त्याचा अर्थ मी घेतला.

ते नुसते उभे राहिले. भाल्यावर थोडा भार टाकून, टाचा टेकवून, दिवसभर दारात उभं राहिलेला म्हातारा जसा राहील तसे. लोक हसत होते आणि तो म्हातारा आपलं दार राखत होता. हसणं हळूहळू विस्कळीत झालं, मग तुटक झालं. पाच-पन्नास माणसं उठून गेली, तेही त्यांनी होऊ दिलं. आवाज पुरता बसल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, हळू आवाजात. आत महाराज नाहीत, कधी येतील ठाऊक नाही, असं काहीतरी साधंच वाक्य होतं. पुढच्या रांगेतला एक शेतकरी आपोआप मान हलवून "बराबर हाय" म्हणाला.

अंक संपल्यावर मी मागे गेलो तर काका कापूस ठासून भरलेल्या एका बोदाला टेकून बसले होते. त्यांना उलटी झाली होती. मी पाणी दिलं.

"घाबरलात?" मी विचारलं.

"हो. बिलकुल जीव जायची वेळ आली होती."

"मला वाटलं, तुम्हाला आता भीती वाटत नसेल."

"असं कुणी सांगितलं?" त्यांनी चूळ भरली. "ती लोकं काही वाईट नाहीत. लांबून आली, जे बघायला आली ते मिळालं नाही. मला राग आला होता, पण द्वारपालाला येत नव्हता. म्हणून त्याच्या जागी उभा राहिलो." मग म्हणाले, "दुसरं वाक्य मात्र पडलं माझं. ते घाईत गेलं. उद्या बघायला पाहिजे."

उद्या प्रयोग नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर ते वाक्य म्हणत होते, हे मी ऐकलं.

दिवाळी झाल्यावर ते एका लहान कंपनीत म्हाताऱ्यांच्या भूमिका करायला गेले. मी त्यांना मनमाडच्या गाडीत बसवून दिलं. पत्र लिहिण्याचं दोघांनीही कबूल केलं आणि दोघांनीही फारसं लिहिलं नाही.

थंडीत शाळेची तपासणी आली. साहेब हैदराबादचे, शेरवानी घातलेले, तब्येतीनं बारीक. प्रथेप्रमाणे धडा सुरू करण्याआधी त्यांना 'जनाब' म्हणून संबोधायचं होतं. मागच्या वर्षी मी 'हुजूर' म्हणून वेळ मारून नेली होती. या वेळी मी 'जनाब' म्हणायला घेतलं आणि अडलो. मुलं पाटीकडे बघायला लागली. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली आणि माझ्या वतीनं स्वतःच म्हणून टाकलं, "जनाब. आगे बढ़िए." मी पुढे गेलो नाही. परत 'ज'शी गेलो आणि शब्द स्वतः पुरा केला. मग भूगोलाचा धडा घेतला. तीन-चार वेळा अडलो. एकही शब्द बदलला नाही. धडा अर्धाच झाला.

महिन्याभरानं हुकूम आला. शहरातल्या शाळेसाठी मी लायक नाही असं ठरलं होतं आणि माझी बदली तीर्थपुरीच्या प्राथमिक शाळेत झाली होती. मागच्या वर्षी शब्द बदलून घेतलेल्या धड्याला चांगला शेरा मिळाला होता, हेही खरं. काकांना हे कळवावं असं वाटलं, पण त्यांचा पत्ता बदलला होता.

मी बिछाना बांधला आणि गावी गेलो. वडील बिछाना उतरवून ठेवून शेताकडे निघून गेले. आई म्हणाली, "घरचं खाशीन तरी." पहिलं वर्ष अपमानाचं गेलं. नंतर कामात दिवस जाऊ लागले. गावातली पोरं शेताच्या कामानं आधीच अर्धी थकलेली असत, त्यांना माझ्या सावकाश बोलण्याचं काही वाटत नसे. अडखळणं गेलं नाही. आज इतक्या वर्षांनीही आहे. पण बोलताना पुढचा शब्द चुकवण्यासाठी डोकं जे सतत धावत असे, ते थांबलं आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत मला समोरचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू यायला लागलं.

काकांची खबर एकदाच लागली. परभणीहून आलेल्या एका सोयऱ्यानं सांगितलं की तिथं एका नाटकात आंधळ्या बापाचं काम करणारा नट फार चांगला होता. तो कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मी वर्णन विचारलं. खांदे रुंद, म्हणाला, आणि चालणं एखाद्या कष्टकऱ्याचं. मी त्याला नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "न्हाई, ते तर बायकांची कामं करायचे. हे दुसरे कुणी असतील." मी वाद घातला नाही. पुढे दोनेक वर्षांत ते गेल्याचं वर्तमानपत्रात आलं. बातमीत बायकांच्या भूमिकांचाच उल्लेख होता.

निजामाचं राज्य गेलं त्यानंतर शाळा मराठीतून सुरू झाल्या. जन्मभर उर्दूत शिकवलेल्या मास्तरांना गणिताचे आणि भूगोलाचे मराठी शब्द तोंडात येईनात. ते वर्गात मध्येच थांबत, शरमत, चिडून पोरांना मारत. त्यांतले एक मौलवीसाहेब माझ्याच शाळेत होते, वयानं माझ्याहून कितीतरी मोठे. एका दुपारी ते मला म्हणाले, "मास्तर, 'त्रिज्या' मेरे मुँह से नहीं निकलता. लड़के हँसते हैं. क्या करूँ?" मी त्यांना माझ्या वर्गात मागे बसायला सांगितलं. त्या दिवशी मी वर्तुळ शिकवत होतो. फळ्यावर खडू टेकवला, आणि तो शब्द यायला जितका वेळ लागत होता तितका लागू दिला.