ताणावरच्या बगिच्यात रोडगे

मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालं. त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात व्याह्यांचा फोन आला. "इवाईबुवा, एका रविवारी बगिचात रोडगे करू. सगळे या. आमचा बगिचा तुमी पाह्यलाच कुटी अजून?"

आम्ही पांढुर्ण्याचे. त्यांचं घर सौंसरला आणि संत्र्याचा बगिचा बोरगावजवळ. मी नोकरदार माणूस, शेती नाही. रविवारी कुठे जायचं म्हटलं तर मी आधी माणसं मोजतो, मग गाडीतल्या जागा, मग कणीक. आमच्याकडचे सहा, त्यांच्याकडचे पाच, आणि नागपूरहून परस्पर येणारी माझी मोठी बहीण. एकूण बारा. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे; मोठ्या माणसाला दोन धरले आणि चार वरचे. बायको म्हणाली, "पाव्हणपणाले चाल्लो आपण, पंगत मोजाले नाई."

सकाळी निघालो. सौंसरच्या अलीकडे दोन्ही बाजूंना वेचणी उरकत आलेली कापसाची शेतं आणि मध्येच संत्र्याचे हिरवे चौकोन. गाडीत गोवऱ्यांचं पोतं होतं, त्याचा वास शेवटपर्यंत आला. बगिच्याच्या फाटकावर मुलगी आणि जावई उभे होते. व्याही आणि विहीणबाई सौंसरलाच एका साखरपुड्याला तोंड दाखवून जेवायच्या वेळेपर्यंत येणार होते.

आत शिरताच मुलीने सगळ्यांना सांगितलं, "बगिचा ताणावर हाय. हातपाय धुवाचे तर तिकडं विहिरीवर धुवा, झाडाखाली पाणी सांडू नका. मामाजीनं चारदा बजावलं हाय मले." मामाजी म्हणजे तिचे सासरे.

आमच्या भागात ताण म्हणजे काय हे संत्र्यात राबणाऱ्याला सांगावं लागत नाही. आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या सुमारास येणारं फूल, घ्यायचा तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, कडेने वळतात, काही गळतात. मग ठरल्या दिवशी पाणी सोडलं की सगळं झाड एकदम फुलतं. मधेच पाणी मिळालं तर फूल येतं पण मागेपुढे, तुकड्यातुकड्याने, आणि वर्षाचा बहार बिघडतो. त्या वेळी व्याह्यांच्या बगिच्याचा ताण जवळजवळ पुरा होत आला होता. झाडं खरोखर केविलवाणी दिसत होती.

आम्ही आंब्याखाली जागा झाडली. गोवऱ्या रचून पेटवल्या. बायकोने कणीक मळली, सुनेने वांगी चिरली. जावई मोटारसायकल घेऊन बोरगावच्या थांब्यावर ताईला, म्हणजे माझ्या नागपूरच्या बहिणीला, आणायला गेला. ती आली तेव्हा आहारावर, म्हणजे फुललेल्या निखाऱ्यांवर, रोडगे लागले होते आणि आम्ही सगळे धुरात डोळे चोळत होतो. तिचं आगतस्वागत झालं, चहा झाला. पण ताणाचं बोलणं तिच्या येण्याआधीच होऊन गेलं होतं, आणि ते तिला पुन्हा सांगायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

ताई कापसाच्या घरात नांदली. आता नागपूरला मुलाकडे राहते. गच्चीवर तिच्या चाळीसएक कुंड्या आहेत आणि एकीचंही पान ती सुकू देत नाही. चहा पिऊन ती "जरा बगिचा पाहून येतो" म्हणून एकटीच गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंडावर समाधान होतं. चटईवर बसली आणि रोडग्याची राख झटकू लागली.

थोड्या वेळाने मुलगी धावत आली. पदर खोचलेला, चेहरा पांढरा.

"बाबा, बगिचात पाणी चालू हाय!"

जावई उठून पळाला. मी त्याच्या मागे. विहिरीवरची मोटर सकाळपासून गव्हासाठी चालू होती. त्याच पाइपाला बगिच्याच्या ठिबकचा कॉक आहे. तो कोणीतरी उघडला होता. जावयाने तो घट्ट बंद केला आणि तसाच वाकलेला राहिला.

ताई मागून धापा टाकत आली. "अगा, बंद काहून केला? मीनंच खोलला. झाडं पाह्य कशी मरून राहिली! तुमचा गडी पाणी द्याचं भुलला वाटते."

मग माझ्या मुलाने तिला दोन वाक्यांत ताण समजावून सांगितला. ती कॉकजवळच्या दगडावर बसली.

"मले काय मालूम बावा," ती म्हणाली. "कापसाच्या पऱ्हाटीले तर पाणी द्या लागते."

मी ओळी पाहत निघालो. महिनाभर कोरड्या पडलेल्या नळ्या आधी भराव्या लागल्या असणार, शिवाय अर्धं पाणी गव्हाकडे जात होतं. त्यामुळे लांबच्या ओळींत थेंबही पोचला नव्हता. कॉकजवळच्या दोन ओळी भिजल्या होत्या, तिसरी अर्धी. प्रत्येक झाडाखाली थाळीएवढी ओल. बगिच्यात एकूण बावीस ओळी. अडीच ओळी म्हणजे नवव्या हिश्शाच्या आसपास. हा हिशोब मी दोनदा केला. पण त्या ओलीने झाडाचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याशिवाय हिशोबाला अर्थ नव्हता. जावयालाही खात्रीने सांगता येईना. "बाबाच सांगतीन," एवढंच तो म्हणाला.

परत आलो तर आंब्याखाली सल्लामसलत चालू होती.

"सांगूच नका," बायको हळू आवाजात म्हणाली. "ऊन हाय, सुकून जाईन. पोरीले सात-आठ महिने झाले त्या घरी. उद्या काई झालं का म्हणतीन, इच्या माहेरच्यायनं बहार घालवला."

मुलगी रोडगे उलटे करत होती, आणि ते आताच उलटे केले होते हे तिच्या लक्षात नव्हतं. बायकोची भीती तीच माझीही होती. व्याही तोडून बोलणारे नाहीत, पण वर्षाच्या पिकाची गोष्ट होती. माणूस समोर काही बोलत नाही आणि मग दिवाळीला, पंगतीत, बारशात एखादं वाक्य येतं. ते ऐकायचं असतं मुलीला, आपल्याला नाही.

"फूल मागंपुढं आलं तर त्यायले समजणारच हाय," मी म्हणालो. "तवा इचारतीन. मंग काय सांगसान? जेवाच्या आधीच सांगतो मी."

"मीच सांगतो," ताई म्हणाली. "मी केलं ना."

व्याही आले तेव्हा रोडगे तुपात पडले होते. साखरपुड्याचा कडक सदरा, खिशात सुपारी. हसत आले, धुराचा वास घेऊन म्हणाले, "जमलं, जमलं!" ताई उभी राहिली आणि सरळ सांगितलं. तिने काही झाकलं नाही, आणि रडलीही नाही. तिचं सांगून झाल्यावर मी ओळींचा आकडा सांगितला.

व्याह्यांचं हसणं थांबलं. चपला तिथेच ठेवून ते बगिच्याकडे गेले. मी, ताई, जावई आणि माझा मुलगा मागे. विहीणबाई माझ्या बायकोजवळ थांबल्या. त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही.

पहिल्या ओळीत ते उकिडवे बसले. ओल्या जागेत बोटांनी माती उकरली. बोट आत घातलं, माती चिमटीत चुरली. मग दुसऱ्या झाडाखाली, मग तिसऱ्या ओळीत. सगळ्या ओल्या झाडांखाली ते बसतात की काय असं वाटलं. एका फांदीचं वळलेलं पान त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो, कारण चेहरा दिसत नव्हता.

"वरची चामडीच ओली झाली," शेवटी ते म्हणाले. "बोटभर खाली कोल्लंच हाय. मुळीपर्यंत गेलंच नाई पाणी. संध्याकाळलोक ऊन पिऊन टाकते हे."

"नक्की?" मी विचारलं.

"इवाईबुवा, मी खोटं कायले बोलू? माहाच बगिचा हाय." ते उठले, गुडघे झटकले. "रात्रभर चालू राह्यलं असतं तर बसलो असतो डोक्श्याले हात लावून. हे काईच नाई. लय झालं तं या दोन-अडीच ओळीले दोन दिवस जास्त थांबीन."

मग ते ताईकडे वळले. "तुमाले झाडाची दया आली."

"आली ना! पानं पाहा ना कशी वळली."

"आमाले बी येते. म्हणून या दिवसात मी इकडं पाह्यतच नाई, सरळ गव्हात जातो."

ताई हसली आणि मग मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे खांदे कितीतरी वेळ वर ओढलेले होते, ते मला खाली आल्यावरच कळलं. पोटात एकदम भूक उठली. मुलीने लांबूनच सासऱ्यांचा चेहरा वाचला असावा, कारण आम्ही आंब्याखाली पोचण्याआधीच ती पत्रावळी मांडू लागली होती.

व्याह्यांनी तीन रोडगे खाल्ले. माझा अंदाज दोनचा होता. ताईला आग्रह करकरून वाढलं, आणि पाणी वाढायला ती उठली की ते ओरडायचे, "ताई, तुमी बसा! पाण्याले हात लावू नका!" प्रत्येक वेळी सगळे हसायचे. विहीणबाईंनी तर तिच्या हातातला तांब्याच काढून घेतला. ताईने शेवटी उत्तर दिलं, "तुमच्या झाडायले पाजलं, तुमाले तं पाजू द्या." यावर व्याह्यांना ठसकाच लागला आणि पाणी तिलाच द्यावं लागलं.

उन्हं कलल्यावर निघालो. ताईला थांब्यावर बसमध्ये बसवून दिलं. सौंसर ओलांडलं. पोटं भरलेली होती, सुनेला झोप लागली होती.

पांढुर्णा जवळ आला तेव्हा मुलीचा फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती.

"बाबा, पोचले काय? आयका ना, मामाजी इथं सगळ्यायले सांगून राहिले का, बाकीच्यायच्या बगिचाले विहिरीचं पाणी भेटते, आमच्या बगिचाले नागपूरची आत्या येऊन पाणी देते. शेजारचे काका पोट धरून हासून राहिले."

"अन् तू?" मी विचारलं.

"मी बी," ती म्हणाली. आणि खरंच हसत होती. मागून विहीणबाईंनी तिला चहाला हाक मारली तशी तिने "ठेवतो बाबा" म्हणून फोन ठेवला.