दारातल्या चपला

जनार्दन घरत यांची आणि माझी ओळख माझ्या नोटिशीने झाली. पनवेलला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा त्यांनी भाड्याने घेतला आणि जागा-खरेदीविक्रीची आपली भलीमोठी पाटी थेट जिन्याच्या तोंडावर टांगली. सामाईक जागेच्या वापराविषयी सोसायटीच्या उपविधींत काय म्हटले आहे, हे मी त्यांना रीतसर लिहून कळवले. दिवाणी न्यायालयात सारी नोकरी झाल्यामुळे मला तोंडी भांडता येत नाही. दुसऱ्या दिवशी पाटी हललेली होती आणि माझी नोटीस दुकानात, गावदेवीच्या तसबिरीखाली, काचेच्या चौकटीत लावलेली होती. मी खुलासा मागितला.

"दुकानाला पयलं टपाल तुमचंच आलं, काका," ते शांतपणे म्हणाले. "मंग त्याला काय रद्दीत टाकू?"

घरत उलव्याच्या बाजूचे. वाडवडिलांची मिठागरे होती, त्यांवर आता इमारती उभ्या आहेत आणि त्याच इमारतींतली घरे घरत विकत. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि काखेत गुंडाळलेली चटई. ही चटई म्हणजे त्यांच्या धंद्याची रीत होती. रिकाम्या घरात ती अंथरून ते गिऱ्हाइकाला बसवत, पंखा बंद करत आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहत. "उभ्या-उभ्या घर कलत नाय. बसा. वरच्याचा नल ऐकू येतो का, दुपारचं ऊन कुटं येतं, बघा. मंग बोला." या बसण्यातून कितीतरी गिऱ्हाइके उठून निघून गेल्याचे मला ठाऊक आहे. घरतांना त्याचे वाईट वाटत नसे. "गेला तो पुन्हा येईल. फसलेला येत नाय," असे ते म्हणत.

मग मंदी आली. विमानतळाच्या नावाने चढवलेले भाव खाली यायला तयार नव्हते आणि त्या भावाला घेणारा कोणी उरला नव्हता. समोरच्या एजंटाने पाटी उतरवून मोबाइलदुरुस्ती सुरू केली. तो येता-जाता घरतांना टोमणे मारी, "काय शेठ, आज चटई झटकली का?" घरत हसत, पण त्यांचे हसू आखडत चालले होते. गाळ्याच्या मालकाने जागा खाली करण्याची भाषा सुरू केली होती. एखादा व्यवहार लवकर झाला नाही, तर दुकान जाणार हे उघड होते.

अशात उलव्यातल्या एका बिल्डरने आपल्या अख्ख्या इमारतीच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. त्यानंतर घरतांचा दिनक्रम बदलला. तिन्हीसांजेला ते उलव्याला जात आणि रात्र झाल्यावर परतत. एकदा मी त्यांना दुकानात एका पोत्यात जुन्या चपला भरताना पाहिले. बायकांच्या, मुलांच्या, आणि अंगठ्यापाशी निळ्या वायरने शिवलेला एक जुना कोल्हापुरी जोड.

"दान करताय?" मी विचारले.

"नाय काका. कामाला लावतो."

थट्टा समजून मी तो विषय सोडून दिला.

माझी धाकटी बहीण सुमन निवृत्त परिचारिका आहे. पतीच्या पश्चात ती भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. निवृत्तीनंतर हाती आलेले सारे एका घरात घालायचे, एवढीच तिची इच्छा होती. चुकीच्या घरात ते अडकले असते, तर दुसऱ्यांदा उभे राहण्याचे तिचे वय नव्हते. जाहिरात वाचून तिने परस्पर बिल्डरला फोन केला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पर्समध्ये धनादेशाचे पुस्तक घेऊन, ती मला उलव्याला घेऊन गेली. इमारतीखाली बिल्डरचा माणूस उभा होता, आणि त्याच्याशेजारी चटई घेतलेले घरत. मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

इमारत नांदती दिसत होती. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, कुठे तुळशीची कुंडी होती; जिना चढून वर गेलो, तर दारांबाहेर चपला होत्या. मी राहण्याच्या परवानगीचे, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मागितले.

"लोक राहायला आले की काका," बिल्डरचा माणूस म्हणाला. "अजून कसला कागद? ताई, वरचं घर अजून एक पार्टी बघून गेलीय. आज चेक दिलात तर तुमचं."

"दादा, तू जरा थांब ना," सुमन मला म्हणाली आणि तिने पर्स उघडली.

मी त्या दारांकडे पाहत होतो. काहीतरी खटकत होते आणि ते काय, हे ध्यानात आल्यावर मी घरतांकडे वळलो.

"घरत, काल दसरा होता. एवढ्या घरांत एकाही दाराला तोरण का नाही?"

"आयटीवाले लोक आहेत," बिल्डरचा माणूस हसला. "कोण तोरणं बांधतंय."

घरतांची नजर दुसरीकडेच होती. मी त्यांच्या नजरेमागोमाग पाहिले. कोपऱ्यातल्या दाराशी निळ्या वायरीचा तो कोल्हापुरी जोड होता. सुमनने पेनाचे टोपण काढले.

"तोरनं आनली होती," घरत अखेर म्हणाले. "गाडीच्या डिकीत हायेत. कपडे टांगले, चपला ठेवल्या. तोरन बांधायला हात उचलला नाय." मग ते सुमनकडे वळले. "ताई, पेन ठेवा. हितं कोन ऱ्हात नाय. या चपला आमच्या घरच्या हायेत. तो जोड माज्या बापाचा. बाप गेला."

"घरत," बिल्डरचा माणूस दातांवर दात ठेवून म्हणाला, "यापुढं या लायनीत तुला कोण उभा करतो तेच बघतो."

घरतांनी बापाचा जोड उचलला, किल्ल्यांचा जुडगा कठड्यावर ठेवला आणि ते जिना उतरले. त्यांच्यामागोमाग मी सुमनला हाताला धरून खाली आणले.

त्याच दुपारी मी बिल्डर आणि एजंटांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे तक्रार लिहायला बसलो. इतरही गिऱ्हाइके त्या इमारतीत येणार होती. घरत वर आले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"माजंबी नाव टाका, काका."

"एजंट म्हणून तुमची नोंदणी जाईल. तुम्हाला केवळ साक्षीदार करता येईल."

"मंग चपला कोनी ठेवल्या म्हनून लिवाल? वाऱ्यानं आल्या?"

मी नाव घातले. त्यांनी शपथेवर सगळे सांगितले, एक शब्द फिरवला नाही. त्यानंतर जे घडले ते मी जन्मभर ज्या यंत्रणेची चाकरी केली तिच्याविषयी आहे. बिल्डरच्या वकिलांनी तारखा मागितल्या आणि त्या मिळत गेल्या. घरतांचा कबुलीजबाब मात्र तयार होता, त्याला तारीख लागत नव्हती. त्यांची नोंदणी रद्द झाली. खोटे बोलणारा हजर राहण्यातून सुटला आणि खरे बोलणारा तेवढा दोषी ठरला. याला न्याय म्हणतात, असे मला कोणीही लेखी कळवावे. त्याविरुद्धचे अपील मी चालवतो आहे आणि जिवंत असेतो चालवीन.

घरतांनी गाळा सोडला. जाताना भिंतीवरून दोनच वस्तू काढल्या, गावदेवीची तसबीर आणि माझी नोटीस. जासईला एका कंटेनर यार्डात फाटकावर नोंदी ठेवण्याचे काम त्यांना मिळाले. मी माझा संताप बोलून दाखवला की ते म्हणत, "तुमी लिवा, काका. मला झोप लागते."

सुमनने पुढे पनवेलमध्येच जुन्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या. त्या घेण्यापूर्वी घरतांनी रजा काढून येऊन तिला तिथे चटईवर बसवले होते. पुढच्या दसऱ्याला मी सुमनकडे होतो; सकाळीच दार वाजले. घरत उभे होते, हातात झेंडू आणि आंब्याच्या पानांचे तोरण. स्टुलावर चढून त्यांनी ते स्वतः बांधले. मग खाली उतरून चपला काढल्या. बापाचा तोच निळ्या वायरीचा जोड आज त्यांच्या पायांत होता.

"आत घ्या हो त्या," सुमन म्हणाली. "इथे चोऱ्या होतात."

"राहू द्या ताई दारात," घरत म्हणाले. "आज कोनतरी आत हाय."