तिसरं गाणं उलटं

१९७६ साल. मी एकतीस वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, तेही अर्धी. लिहितावाचता येतं, हिशेब तोंडी होतो, बाकी जे आलं ते मशीन उघडून पाहून आलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे एक साहेब मला अडाणी म्हणणार आहे आणि मी गप्प बसणार आहे. आयुष्यात मी असा गप्प एकदाच बसलो.

नागपुरात नंदनवनकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा निम्मी शेतंच होती. तिथं टिनाच्या छपराखाली माझं भोंग्याचं दुकान. लग्न, बारसं, जयंती, सभा, काहीही असो, भोंगा माझा. शिवाय कामठीच्या लष्करी लिलावात घेतलेलं टेपचं मशीन होतं. लोखंडी पेटी, दोन माणसांनी उचलायची, वर ताटलीएवढी दोन चाकं. एका चाकावरची पट्टी दुसऱ्यावर जायची. कोणी सांगितलं तर सभेचं भाषण मी भरून ठेवायचो. नवी पट्टी सहसा मिळत नसे, म्हणून जुनीच पुसायची आणि तिच्यावर पुन्हा भरायचं. या धंद्यात सगळे तसंच करत.

त्या वर्षी सभाच बंद होत्या. आणीबाणी. साधा बारशाचा भोंगा लावायचा तर ठाण्यात जाऊन कोणती गाणी वाजवणार ते सांगून यायचं. धंदा बसला, आणि मला तर बसणं कधी जमलंच नाही. दुकानातल्या दुकानात चकरा मारायचो, पुसलेले भोंगे पुन्हा पुसायचो. बायको म्हणायची, "भिंगरी लागली का वो पायाले? मले पाहूनच चक्कर येऊन राहिली."

अशात गिटारवाला आला. खापरखेड्याच्या वीजघरात नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत, केस मानेखाली उतरलेले. ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवून वाजवून वैतागलेला. त्यानं कुठल्याशा परदेशी तबकड्या ऐकल्या होत्या. त्यांत म्हणे आवाज वितळतो, गाणं उलटं चालतं, एका माणसाची दहा माणसं होतात. त्याला तशीच एक तबकडी मराठीत करायची होती. आठ गाणी भरायची आणि मुंबईला कंपनीकडे पाठवायची.

"मशीन भाड्यानं देता का उस्ताद?"

"मशीन एकटं कुठं जात नाही. मी संगं राहतो."

"तुम्हाले समजन का आमचं गाणं?"

"तुले समजते का?"

तो हसला. "नाही समजत, तेच तर पाहिजे. अर्थच नसला तर ठाण्यावाले पकडतीन कशाले?"

गायला त्यानं एक बाई आणली. जयंतीच्या जलशांत गाणारी. आवाज असा की भोंगा नसला तरी वस्तीच्या पार टोकाला जावा. ती आली, माठातलं पाणी प्यायली, आणि गाण्याचं काही न विचारता मला म्हणाली, "भाऊ, गेल्या सालच्या गेटवरच्या सभेचा टेप हाय का तुमच्यापाशी?"

ती सभा मला आठवत होती. गिरणीच्या गेटवरची, कामगारांची होती, भोंगा माझाच होता. या बाईचा नवरा तिथं बोलला होता. आणीबाणी लागली तसा त्याला घरून उचलला. ना खटला, ना तारीख. घरी त्याची माय अंथरुणाला खिळलेली, डोळे गेलेले, आणि तिचं एकच चाललेलं की माझा पोरगा बोलत काहून नाही.

"पुसला," मी म्हणालो. "पट्टी कोरी करून ठेवली."

"काहीच नाही उरलं?"

"मी पुसलं म्हणजे पुसलं, बाई."

वाटलं, आता ही उठून जाईल. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गिटारवाल्याला म्हणाली, "सांग गा तुझं गाणं."

आम्ही दुपारी भरायचो. मे महिन्यात नागपूरला दुपारी कुत्रंही भुंकत नाही, तसली शांतता रात्री मिळायची नाही. कूलर बंद ठेवावा लागे, कारण त्याची घरघर टेपात यायची. घामानं पट्टी बोटाला चिकटे. सिमेंटच्या रिकाम्या टाकीत भोंगा सोडून बाईचं गाणं त्यातून काढलं आणि वर दुसरा माइक धरला, तेव्हा ती विहिरीच्या तळातून गात असल्यासारखी वाटली. फाटक्या अँप्लिफायरमधून बुलबुलतरंग वाजवला, तर तो मांजरासारखा केकाटला आणि गिटारवाला टाळ्या पिटत नाचला. व्होल्टेज पडलं की मशीन मंद व्हायचं, सगळ्यांचे आवाज जाड होत.

"हे तुमच्याच वीजघराचं काम," मी म्हणायचो.

"वीजघर बी आपल्या बँडमधी हाय उस्ताद. फुकट वाजवते."

पट्टी कापून उलटी जोडायची ही कल्पना त्याची, पण हात माझा. दाढीच्या पत्तीनं तिरपं कापायचं, तुकड्याची टोकं फिरवायची, बारीक चिकटपट्टी लावायची. मग तो तुकडा शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतो. माझा जोड कुठे आहे ते आजही कोणी कानानं दाखवून द्यावं.

आठही गाणी झाली तेव्हा ऐकायला बसलो. तिसरं गाणं बंद दारांचं होतं. त्यात मध्येच बाई थांबते, गिटार थांबते आणि बराच वेळ काहीच नसतं. त्या रिकाम्या जागेत कोणीतरी बोलत होतं. भिंतीपलीकडून यावा तसा बारीक आवाज. "आपण मागून राहिलो ते भीक नाही, भाऊहो..." मग खोकला. मग पुन्हा बोलणं.

बाईनं टेबलाची कड धरली. "खोकला त्याचाच हाय," ती म्हणाली.

मशीनमध्ये पट्टी पुसणारा भाग वेगळा असतो. त्याची कॉईल जळाली होती, ती मी हातानं गुंडाळून बसवली होती. गाणी भरली ती पट्टी त्याच सभेची; कॉईलनं वरवरचं पुसलं, तळाचं राहू दिलं. गिटारवाला माझ्याकडे पाहून हसला, "पुसलं म्हणजे पुसलं का उस्ताद?" मी म्हणालो, "बरी कॉईल असती तर हे मिळालं असतं का तुले?" त्यालाही ते पटलं. म्हणाला, "राहू द्या. याच्यापेक्षा भारी काही आपल्याले भरताच येणार नाही."

त्यानंतर दोन दिवसांनी हवालदार आला. परवान्यासाठी रोजची उठबस, त्यामुळे दारातूनच म्हणाला, "काय गा भोंगेवाले! उद्या दुपारी साहेब येऊन राहिले तुह्याकडे. सभांचे टेप जमा करून राहिले. गेटवरच्या सभेचं खास विचारलं. तो आत हाय ना, त्याच्यावर खटला उभा करायचा, तर त्याचं भाषण पाहिजे. असन तर देऊन मोकळा हो. नाहीतर मशीन जाईन, दुकान बी जाईन."

त्या दुपारी तिघंही दुकानात. गिटारवाला बसायलाही तयार नव्हता. "पुसा उस्ताद. मोठं लोहचुंबक फिरवा. माही सरकारी नोकरी हाय."

"पुसायचं नाही," बाई म्हणाली. "द्यायचा तर नाहीच. त्याच्या मायनं अजून ऐकला नाही."

"मंग आज तिच्याकडे नेऊ मशीन," मी म्हणालो.

"आज?" गिटारवाला म्हणाला. "कोपऱ्यावर दोन माणसं उभी हायत सकाळपासून. दिसत नाही का?"

मी दारातून पाहिलं. होती. आणि मी आहे हा असा, विचार करायच्या आधी बोलून मोकळा झालो, "नाही देणार, नाही पुसणार."

बोलून तर बसलो, पुढे काय? दुकान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पायांनी मोजलं. घरात लपवावं तर झडतीत सापडणार. मग टेबलावरची पत्ती दिसली.

तिसरं गाणं मी दोन्हीकडून कापलं. पत्ती लागली तेव्हा बाईनं डोळे मिटून घेतले. तुकड्याची टोकं फिरवली, जोडला, वाजवला. गाणं उलटं, आणि त्याच्या पोटात तो माणूसही उलटा. भीक नाही, भाऊ नाही, कुठल्या देशाची भाषा तेही कळेना. खोकला तेवढा खोकल्यासारखाच राहिला.

"आता मांडीवर घेऊन ऐका म्हणा साहेबाले," मी म्हणालो. गिटारवाला हसला नाही. गिटार घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब भर दुपारी आला. सोबत हवालदार. साहेबानं खुर्ची पुसून घेतली आणि म्हणाला, "सभेची टेप काढ."

"सभांच्या पुसल्या साहेब. ही एक गाण्याची हाय."

"लाव."

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, दोन्ही इतकी वितळलेली की शब्द कळेना. साहेब रुमालानं मान पुसत होता. "तो कूलर लाव."

"कूलर लावला तर टेप ऐकू येत नाही साहेब."

तिसरं सुरू झालं. बुलबुलतरंग मागे मागे पळाला, बाई श्वास आत ओढत गायली, आणि मग ती रिकामी जागा आली. साहेब पुढे वाकला. "हे कोण बोलतंय?"

"गाण्यातलंच हाय साहेब. नवीन टाईपचं."

"ही कुठली भाषा?" त्यानं माझ्याकडे, मग मशीनकडे पाहिलं. "अरे, टेप उलटी लावलीस की काय तू?"

हवालदार हसला. "साहेब, चौथी नापास हाय तो. त्याले काय उलटं अन काय सुलटं!"

चौथी मी नापास झालो नव्हतो, सोडली होती. आणि या हातांनी टेप उलटी लावली असं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. जीभ इतकी वळवळली की दातांखाली धरली.

"सरळ कर," साहेब म्हणाला. "अडाणी माणसं, यांच्या हातात मशीन देतात!"

मी खाली मान घालून म्हणालो, "हो साहेब. शेवटापासून लावावी लागन."

तिथल्या तिथे चाकं बदलली असती तर तो माणूस त्याच क्षणी सरळ बोलायला लागला असता. म्हणून पट्टी सरसर शेवटाला पळवली आणि मगच चाकं बदलली. आता आठवं गाणं उलटं वाजू लागलं. मग सातवं. त्यामागून सहावं, पाचवं, चौथं येणार होतं, आणि मग तिसरं, अगदी सरळ. टिनाचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. साहेबाचा शर्ट पाठीला चिकटला. सहाव्यात बुलबुलतरंगाचं केकाटणं आलं तेव्हा त्यानं कानावर हात ठेवला.

"हे सगळं असंच आहे?"

"पुढचे लय चांगले हायत साहेब," मी म्हणालो. "पूर्ण ऐकून जा. आमचं गाणं कोणी ऐकतच नाही. मी आवाज वाढवतो." आणि वाढवला.

पाचवं सुरू झालं. तो हलेना. पाचवं संपलं. चौथ्यात गिटारवाल्यानं एकच शब्द फिरवून फिरवून ठेवला होता, तोही आता उलटा. माझा हात बटनाच्या जवळ होता आणि मी तो मागे घेऊ शकत नव्हतो, पुढेही नेऊ शकत नव्हतो.

"बंद कर रे ते!" साहेब उठला. "वेडे झालेत लोक. चला."

हवालदार जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, "लय खराब गाणं हाय बे तुमचं." ते गेल्यावर कूलर लावला आणि पहिल्यांदा खाली बसलो.

संध्याकाळी पाहिलं तर कोपरा रिकामा होता. गिटारवाल्याचा निरोप आला की गाणी मुंबईला पाठवायची नाहीत, त्याचं नाव कुठे घ्यायचं नाही. मी निरोप्याला म्हणालो, त्याचं नाव घ्यायला मला वेळ कुठे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी तो तुकडा कापला, सरळ करून जोडला आणि मशीन हातगाडीवर चढवलं. वर दोन भोंगे बांधले. बायकोनं विचारलं, "कोणाकडे?" मी म्हटलं, "बारसं हाय." मग बाईच्या वस्तीत गेलो, भोंगे बाहेर गाडीवरच ठेवले, मशीन आत नेलं आणि म्हातारीच्या खाटेला लावून, आवाज अगदी बारीक ठेवून, बटन दाबलं.