किसनला पाजलेली काकवी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. माझ्या लेकरांपाशीही नाही. ज्यांच्यापासून लपवलं ती माणसं आता राहिली नाहीत. मग सांगून काय? ठाऊक नाही.

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं. शिरड शहापुरात आमचं गुऱ्हाळ होतं. बायको गिरजा माझ्या मामाचीच मुलगी, हट्टा गावची. आमचा थोरला किसन अंगावर पीत होता तोवर बाळसेदार होता. मग आम्ही गुळात भाकरी कुस्करून भरवू लागलो आणि पोर आटत गेलं. उलट्या, घाम, पोट टम्म, हातपाय काड्या.

गिरजानं ओळखलं. गूळ बंद केला; नुसती भाकरी, दूध, वरण. पोर उभं राहिलं, अंगणात धावू लागलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं — मला माहीत नव्हतं असं नाही.

पण गुऱ्हाळवाल्याचं पोरगं गुळाला तोंड लावत नाही, म्हणून गाव हसायचं. आय म्हणायची, "गुळाच्या घरात उपाशी ठिवून राहिली लेकराला. तू बाप हायस का पाव्हणा?"

गिरजा एवढंच म्हणायची, "आत्या, त्याला सोसत न्हाई वो."

त्या घरात आयच्या शब्दाबाहेर जायला वाट नव्हती — नाही, ही सबब झाली.

एके दिवशी गिरजा ओढ्यावर धुणं घेऊन गेली. किसनला ताप होता, जेवण तुटलं होतं. आय वाटीभर काकवी, गुळाचाच पातळ पाक, घेऊन आली. "धर त्याला. काकवीनं अंग धरतं." किसननं ओठ मिटले. मी — मी त्याला मांडीवर आडवं घेतलं आणि नाक दाबलं. काहून? आयच्या टोमण्यांना विटलो होतो? बाप आहे हे दाखवायचं होतं? श्वासासाठी त्यानं तोंड उघडलं. काकवी आत गेली, सगळी.

गिरजा परतली तेव्हा तो घामानं थबथबला होता, झटके येत होते.

"आवो, गोड काई देलं का त्याला?"

"न्हाई," मी म्हणालो. आय वाटी राखेनं घासत बसली. दिवस मावळायच्या आत किसन गेला.

मातीला आलेल्या बायका म्हणाल्या, आईनंच भुकं मारलं. पुढची लेकरं गूळ खाऊन वाढली, धडधाकट झाली, तसं गिरजालाही ते पटत गेलं. शेवटपर्यंत तिनं तेच मानलं. एकदा मी जेवत होतो. चुलीपुढं ती शेजारणीला म्हणाली, "माझंच चुकलं बाई. थोडा गूळ देला असता तर जगलं असतं माझं लेकरू."

एका वाक्याचं काम होतं. मी भाकरी मागितली. तिनं वाढली.