अर्ध्या हाताची फट

खिडकीत काच घट्ट ठोकून बसवली की ऊन लागताच ती तडकते, म्हणून चौकटीत नखभर फट ठेवायची असते. डिंक्याला हे काचेच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि पुढे आयुष्यभर तो एवढ्याच शिदोरीवर फुटबॉल खेळला.

कारखान्याच्या संघात तो बचावाला असे. समोरचा जो सगळ्यात धोक्याचा गडी, त्याच्या पाठीमागे बरोबर अर्ध्या हातावर उभा राही. त्याहून जवळ गेलं की पंच शिट्टी फुंकणार, लांब राहिलं की गडी गोल करणार. प्रत्यक्ष चेंडूशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. बायको म्हणायची, "अहो, परक्या पुरुषाच्या मानेवर श्वास सोडता आणि माझ्याबरोबर बाजारात निघालात की वीस पावलं पुढे!"

छापखान्याच्या संघाचा नऊ नंबर हे त्याचं कायमचं गिऱ्हाईक. पुस्तकं बांधणारा, उंच, तिरसट माणूस. गेल्या हंगामात डिंक्या बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तेवढ्यात याने गोल ठोकला. तेव्हापासून संघ चालवणाऱ्या मुकादमाच्या डोक्यात डिंक्याचं वय घोळत होतं.

"हे बघ," यंदाच्या सामन्याआधी मुकादम म्हणाला, "तो जाईल तिथं तू. एकदा जरी निसटला, तर पुढच्या वर्षी बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरायच्या."

मुकादमाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मैदान सुटलं तर आपल्याकडे उरतं काय, हेच डिंक्याला कळेना.

पूर्वार्ध संपत आला असताना कुंपणापलीकडून नऊ नंबरची मेहुणी ओरडली, "भावोजी, ताईला कळा सुरू झाल्यात! दवाखान्यात नेलंय!"

नऊ नंबर मैदान सोडून धावत सुटला. त्याच्यामागे डिंक्याही सुटला. कळा खऱ्या असतील, खोट्याही असतील. छापखानेवाल्यांचा काय नेम?

कोपऱ्यावर नऊ नंबरने बस पकडली. डिंक्या मागोमाग चढून त्याच दांड्याला लटकला.

"अरे बाबा, माझी बायको अडलीये," नऊ नंबर काकुळतीला आला. "घरी जा ना!"

"आणि तू परत मैदानात गेलास तर?"

"इथं चेंडू तरी दिसतोय का तुला?"

"चेंडूचं मला विचारू नकोस. ते माझं खातं नाही."

दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीबाहेर परिचारिकेने अडवलं. "तुम्ही नवरा. आणि हे कोण?"

"विरुद्ध संघ," डिंक्या म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला, पण तिला दुसरी कामं होती. नऊ नंबर येरझारा घालू लागला. तो वळला की डिंक्या वळे. बाकांवरचे लोक दोनदोनदा पाय आखडून घेत होते. मग डॉक्टरीणबाई आल्या. बाळाचे ठोके मंदावले होते, ताबडतोब ऑपरेशन करायला हवं होतं. नऊ नंबरने सही केली. तो मागच्या मागे कोसळला.

मागे फरशी होती, पण फरशीच्या आधी डिंक्या होता. त्याने काखेत हात घालून नऊ नंबरला अलगद पेललं, मोठी काच पेलतात तसं. नऊ नंबर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. डिंक्या पुरता अवघडला. अंतर पार मोडलं होतं आणि शिट्टी वाजवायला पंचही नव्हता.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

"एकानेच आत यायचं," परिचारिकेने बजावलं.

"हा येणारच," नऊ नंबर म्हणाला. "सांगून ऐकत नाही तो."

पण डिंक्या उंबऱ्याशी थांबला. आत बाळ होतं, बाळाची आई होती. तिथं आपण घुसलो तर काहीतरी तडकेल, असं त्याला वाटलं. नऊ नंबर एकटाच आत गेला आणि डिंक्या दाराच्या काचेतून बघत राहिला.

संध्याकाळी मुकादम मैदानावर वाट बघत बसला होता. सामना गोलाविना सुटला होता.

"खरं सांग, निसटला का तो?"

खोटं बोलला असता तर तपासायला कोण जाणार होतं?

"निसटला," डिंक्या म्हणाला. "मीच सोडलं त्याला."

पुढच्या वर्षी डिंक्या बाकावर बसून बाटल्या भरत होता. नऊ नंबरवर नेमलेला नवा गडी चांगला चार हात लांब राहत होता. चेंडू नऊ नंबरच्या पायात आला. गोलरक्षक घसरून पडलेला, गोल सताड उघडा. नऊ नंबर थांबला, मागे वळून बघू लागला, आणि चेंडू कुणीतरी घेऊन गेलं. असं दोनतीनदा झालं. शेवटी तो बाकापाशी येऊन मुकादमावर खेकसला.

"माणसाला असं उघड्यावर सोडतात का? याला आत घ्या!"

"कशाला?" मुकादमाला उकळ्या फुटत होत्या. "हा बाहेर बसलाय म्हणूनच तुला गोल होत नाही. आता हा कायम इथंच बसेल."

डिंक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी किंमत त्याला मैदानात कधी आली नव्हती, आणि मैदान तर गेलंच होतं.

नऊ नंबरने त्याच्याकडे बघितलं, पंचाला हात केला आणि सरळ रेषेबाहेर आला. बाकावर डिंक्याच्या शेजारी बसला, मध्ये अर्ध्या हाताची फट ठेवून.

"पाणी दे," तो म्हणाला. "पोरगी चालायला लागलीये. पण मागे कुणी उभं असलं तरच चालते."